वाण परत घेणारे सर

आमच्या सरांना घरी जेवायला बोलवायचं म्हणजे घरच्यांची परीक्षाच. माणूस गोड, खाणं बेताचं. पण ताटात पापड पडला की पहिला प्रश्न, "घरचा का इकतचा?" विकतचा म्हटलं की झालं. पुडा आणा. पुडा आला की चष्मा कपाळावर जायचा, पुडा नाकाशी यायचा आणि मग बनवल्याची तारीख, वजन, कारखान्याचा पत्ता, तक्रार कुठं करायची, सगळं मोठ्यानं वाचून झाल्याशिवाय पापड मोडायचा नाही. तोवर भात गार. वाढणारी बाई वरणाचं पातेलं धरून ताटकळलेली. शेवटी सर एकदम खूश होऊन म्हणायचे, "बराबर हाय. सगळं सांगेल हाय. आता खाऊ."

वसमतच्या आमच्या कॉलेजात ते बी.कॉम.ला कायदा शिकवायचे. व्यापार करणाऱ्यासाठी ग्राहक संरक्षण आणि स्पर्धेचा कायदा, असं लांबलचक नाव होतं त्यांच्या शेवटच्या सत्रातल्या खास पेपरचं. नाव ऐकूनच जांभई यावी. मी तांड्यावरून एसटीनं यायचे, दुपारच्या तासाला डोळे मिटायचेच, पण सरांच्या तासाला झोप लागली असं एकदाही झालं नाही. मूळचे ते विदर्भाच्या हद्दीवरच्या कनेरगाव नाक्याकडचे, त्यामुळे बोलण्यात सारखं "काहून" आणि "करून राहिले". आम्हाला ते नावानं हाक मारत नसत. "बोला ग्राहक," म्हणायचे. वर्गात उशिरा आलं की "या ग्राहक, दुकान उघडंच हाय." ह्या माणसाला काय म्हणावं!

एकदा स्टँडवरच्या दुकानदारानं त्यांना पाण्याची बाटली छापील भावापेक्षा जास्तीनं लावली. दुसरा कुणी असता तर भांडला असता, नाहीतर मुकाट्यानं देऊन गेला असता. सर दोन्हींतलं काही करेनात. दुकानाच्या कडेला उभे राहिले आणि येईल त्या गिऱ्हाइकाला बाटलीवरचा छापील भाव वाचून दाखवू लागले. आवाजात जरा म्हणून राग नाही. एखाद्यानं आपल्या नातवाचं कौतुक सांगावं तसं सांगत होते. "हे पाहा, किती सुंदर छापेल हाय. बारीक हाय, पण वाचता येते." गिऱ्हाइकं वाचायला लागली. माझी बस लागलेली, ड्रायव्हरसुद्धा खिडकीतून मान काढून वाचायला लागला. दुकानदारानं हात जोडले. "सर, बाटली फुकट न्या, पण इथनं हला."

"फुकट काहून? बराबर भावानं द्या."

घेतली बराबर भावानं, आणि वर त्या दुकानदाराला म्हणाले, "तकलीफ माफ करा." तो दुकानदार पुढं त्यांना लांबून पाहिलं की नमस्कार घालायचा. मनापासून की भीतीनं, ते त्यालाच माहीत.

स्पर्धेचा कायदा त्यांनी पहिल्यांदा शिकवला तो तास माझ्या अंगावर आला होता, म्हणून पक्का लक्षात आहे. सर खांद्यावर एक मोठा पांढरा टॉवेल टाकून वर्गात आले. आम्हाला वाटलं, आंघोळीवरून थेट आले की काय. बैलबाजार पाहिलेल्यांना मात्र लगेच कळलं. आमच्याकडं बैलाचा सौदा तोंडानं होत नाही. दलाल आणि घेणारा टॉवेलाखाली हात घालतात, एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात, आणि आजूबाजूला उभ्या असलेल्या माणसाला काही म्हणता काही कळत नाही. सरांनी चार पोरांना व्यापारी केलं आणि मला शेतकरी. माझ्यापुढं हळकुंडांची पिशवी ठेवली.

"व्यापारी हो, बोली लावायच्या आधी जरा टॉवेलाखाली भेटून घ्या," सर म्हणाले.

चौघांनी फिदीफिदी हसत टॉवेलाखाली हात घातले. मग बोली सुरू झाली. पहिल्यानं एक पडेल भाव सांगितला. दुसऱ्यानं त्याहून कमी. तिसरा म्हणाला, मला नकोच. चौथा नुसता जांभई देत उभा. मी वाट बघत होते की आता कुणीतरी भाव चढवेल. कशाचं काय! मी म्हटलं, "अरे हळद आहे का माती?" तर तो पहिला गडी, एरवी माझ्याकडून डबा मागून खाणारा, मला म्हणतो कसा, "द्यायची तर द्या मावशी, न्हाईतर उचला पोतं."

माझं डोकं असं फिरलं! ती पिशवी मी टेबलावर आपटली. गाठ सुटली, हळकुंडं वर्गभर पळाली. आता सर ओरडणार, असंच सगळ्यांना वाटलं. सर मात्र टाळ्या वाजवत होते.

"आला राग? आला ना? आता टॉवेल काढा रे. आता टॉवेलाबिगर बोली लावा. जो घेईल त्याची हळद."

पोरं एकमेकांच्या उरावर बसली. एकानं भाव सांगितला की दुसरा वर चढवायचा. इतका आरडाओरडा झाला की शेजारच्या वर्गातल्या मॅडम भांडण सोडवायला धावत आल्या. सर त्यांना म्हणाले, "काही न्हाई मॅडम, स्पर्धा चालू हाय." आणि मग आमच्याकडं वळून, "व्यापाऱ्यांनी एकमेकांशी झुंजावं, त्याला कायद्याची ना न्हाई. गुपचूप एक होऊन तिसऱ्याला नागवायचं न्हाई. कलम उद्या सांगतो. आधी राग येऊ द्यायचा, मंग कलम. राग न्हाई आला तर कलम पाठ करून काय करून राहिले तुमी?" जाताजाता दारातून परत आले. "आपल्या बाजारात असं होते असं म्या म्हणलं न्हाई बरं. म्या फक्त टॉवेल दाखवला."

त्या दिवसापासून मी ठरवलं, शेवटच्या सत्राला हा कायदा पुरा शिकवणारा ह्यांचाच पेपर घ्यायचा. माझ्या डोक्यात तेव्हाच हळदीची पूड करून विकायचं खूळ होतं. आज माझी छोटी गिरणी आहे, पुडे जवळच्या दुकानांत जातात, आणि पुड्यावर काय छापायचं, काय छापायचं नाही, ह्यासाठी मला कुणाला विचारायला जावं लागत नाही. हे सगळं मी त्या एका सत्रात शिकले. आणि ते सत्र होता होता राहिलं होतं!

झालं असं की हा पेपर ऐच्छिक. पोरांनी निवडला तर चालणार, नाहीतर नाही. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं, वीस नावं आली नाहीत तर पेपर बंद. सर तासिका तत्त्वावर, म्हणजे तास असले तर पगार. त्यांचे बाकीचे तास दुसऱ्यांना गेलेले होते. पेपर बंद म्हणजे सर बंद. मग वारंगा फाट्याला त्यांच्या साडूचं टायरचं दुकान होतं, तिथं बसायचं. साडू तयारच होता. वर सांगतही फिरायचा, "आमचे वकीलसाहेब येणार हायेत पंक्चर मोजायला." मला तर ऐकूनच रडू यायचं.

निवडीच्या दिवशी कॉलेजात जत्रा भरते. त्या वर्षी व्यक्तिमत्त्व विकासाच्या सरांनी रंगीत फ्लेक्स लावला होता, "यशाची खात्री" आणि खाली त्यांचा स्वतःचा हाताची घडी घातलेला फोटो. आमच्या सरांनी कडुनिंबाखाली खुर्ची टाकली आणि पुढं पुठ्ठा उभा केला. त्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं, "या विषयाचे तोटे."

मी कपाळावर हात मारून घेतला. "सर, हे काय हो?"

"माल घेण्याआधी गिऱ्हाइकाला उणिवा कळाल्या पाहिजेत."

आणि येईल त्याला सांगायचे. मार्क कमी पडतात. पुस्तक जाड आहे. नोकरीची हमी नाही. शिकवणारा माणूस पुढच्या वर्षी असेल की नाही, सांगता येत नाही. एका पोरानं बिचाऱ्यानं विचारलं, "मंग फायदे काय सर?" तर म्हणे, "ते तुमी वापरून पाहा आन मला सांगा. इकणाऱ्यानं सोताचं कौतुक केलं तर निम्मं धरावं." ते पोरगं सरळ फ्लेक्सखाली जाऊन उभं राहिलं. संध्याकाळपर्यंत आमची नावं किती, तर अकरा. त्यातला एक सरांचा भाचा, तोही आईच्या धाकानं आलेला.

सरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. घरी ब्लाउज शिवायच्या, आणि मशीन जितक्या वेगानं चालायची त्याच्या दुप्पट वेगानं त्यांचं तोंड. मी ब्लाउज आणायला गेले तर काकू डोळे पुसत काजं करत होत्या. मला म्हणाल्या, "तुमचे सर गावाला खरं सांगत बसतील आन आमी फाट्यावर टायरं झटकत बसू. यांना कुणी सांगावं?" मग एकदम सुई थांबवून माझ्याकडं बघितलं. "तुझी माय हळदीकुंकवाला येईल का गं? आन वर्गातल्या समद्या पोरींच्या माया?"

संक्रांतीचे दिवस होते. काकूंनी दणक्यात हळदीकुंकू केलं. माझी याडी, म्हणजे आई, तांड्यावरच्या दोघी-तिघींना घेऊन आली. काकूंनी प्रत्येकीला कुंकू लावलं, तिळगूळ दिला, वाण म्हणून चहाची गाळणी दिली, आणि गाळणी हातात ठेवताना कानाशी लागून सांगितलं, "पोरीला आमच्या ह्यांचा पेपर घ्यायला लावा. घेतला की पासच समजा. बाहीर बोलू नका."

बायकांना बाहेर बोलू नका म्हटलं की काय होतं, ते सांगायला नको. दोन दिवसांत पोरींनी पेपर बदलले. पोरींच्या मागं पोरंही आली. ऑफिसातले क्लार्क नाव लिहून लिहून वैतागले. वीस केव्हाच मागं पडले होते. मी तर एसटीत एकटीच हसत होते.

पहिल्या तासाला सर वर्गात शिरले आणि दारातच थांबले. आधी त्यांना वाटलं, वर्ग चुकला. मागं जाऊन पाटी बघून आले. मग चष्मा कपाळावर नेऊन आम्हाला बाकाबाकानं न्याहाळलं.

"माल तोच. दुकानदार तोच. मंग गर्दी काहून वाढली?"

सरांनी पुढच्या बाकावरच्या एका नव्या मुलीला विचारलं, "ग्राहक, तुमी काय ऐकून आले?" ती भाबडी पोरगी उभी राहून म्हणाली, "सर, काकूंनी गाळणी दिली ना. म्हणल्या, तुमच्या पेपरात सगळे पासच."

सर खुर्चीत बसले. मला वाटलं, आता हा माणूस फुटणार. पण त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, "दिशाभूल करणारी जाहिरात." त्याखाली, "खोट्या आश्वासनासोबत भेटवस्तू." मग म्हणाले, "आजचा धडा घरचाच हाय. तुमाला फसवून माल इकला. शनिवारपर्यंत ज्याला पेपर बदलायचा त्यानं बदलावा, कुणाला दोष न्हाई. आन जिथं खोटी जाहिरात झाली तिथंच तिची दुरुस्ती होईल."

"म्हणजे कुठं, सर?" मी विचारलं.

"हळदीकुंकवात."

घरी काय महाभारत झालं ते काकूंनीच नंतर सांगितलं. सर ओरडले नाहीत, काही नाही. सकाळी स्वतः चहा करून आणला आणि म्हणाले, "साखर कमी हाय, दूध कालचं हाय, आलं न्हाई. चालंल का?" काकू म्हणाल्या, ओरडले असते तर बरं झालं असतं.

रथसप्तमीच्या आदल्या दुपारी बायका पुन्हा जमल्या. हळदीकुंकवात गड्याचं काय काम? पण सर उंबऱ्यात उभे, हातात रिकामी परडी. काकू मध्ये उभ्या राहिल्या. तोंड लाल झालेलं.

"ऐका बायांनो. म्या खोटं बोलले. ह्यांच्या पेपरात पास होणं सोपं न्हाई. ह्यांनी सोताच्या पुतण्याला नापास केलं, त्याची माय वर्षभर ह्या घरचं पाणी पिली न्हाई. आजून ऐका. ह्यांच्यासंगं बाजारात गेलं तर मेथीची जुडी घ्यायला सकाळ जाते. लग्नात माझ्या भावानं ह्यांना घड्याळ घातलं, तर मांडवात हे त्याला वॉरंटी कार्ड मागून राहिले!"

"हे विषयाला धरून न्हाई," सर उंबऱ्यातून म्हणाले.

"दुरुस्ती पुरी पाहिजे म्हणलात ना? पुरीच करून राहिले!"

बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. सरांनी घसा खाकरला. "माय हो, ऐकलं ते खरं हाय. मार्काची हमी न्हाई. लेकराचं नाव काढायचं त्यांनी शनिवारपर्यंत काढावं. आन ह्या परडीत आपापली गाळणी ठिवावी."

आणि मग जो गलका उठला, बाप रे!

"वाण परत?"

"सवाष्णीला देलेलं वाण माघारी घेता? लक्षणं का ही!"

"ते वाण न्हवतं माय," सर कळवळून सांगत होते, "ते आमिष होतं."

"हळदीकुंकू लावून देलं का न्हाई? मंग वाणच ते!"

एक आजी परडीकडं बोट करून म्हणाल्या, "माझ्या गाळणीतनं सकाळचा च्या गाळला बी. आता काय च्या परत देऊ?" सरांनी परडी ह्या हातातून त्या हातात घेतली. एवढे कायदे पाठ असलेला माणूस, पण ह्याच्यावर कलम काही सापडेना. मला हसू येत होतं आणि धास्तीही वाटत होती. पोरींनी नावं काढली तर उद्या सर फाट्यावर, हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. फक्त बोलत कुणी नव्हतं.

तेवढ्यात याडी उठली. ती इतका वेळ भिंतीला टेकून गप बसली होती. "गुरुजी, माझी पोरगी म्हणती तुमी चांगलं शिकवता. तुमची बायको म्हणती मार्क देत न्हाई. दोन्ही खरं?"

"दोन्ही खरं."

"मंग आमचं काय ते आमी बघू. तुमी तुमचं सांगा. तुमाला इथं ऱ्हायचं का त्या टायरच्या दुकानात जायचं?"

सरांनी काकूंकडं बघितलं, परत याडीकडं. "त्याचा ह्याच्याशी संबंध न्हाई, माय. गिऱ्हाइकानं इकणाऱ्याची अडचण पाहू नये."

"म्या गिऱ्हाईक न्हाई. म्या पोरीची माय हाय. इचारलं त्याचं बोला."

सरांनी चष्मा काढला. पुसायला रुमाल काही सापडेना, तसाच हातात धरला. मग बोलले, आणि आवाज त्यांचा वाटेचना.

"ऱ्हायचंय, माय. लई ऱ्हायचंय. मला दुसरं काही येत न्हाई, आन दुसरं काही करू बी वाटत न्हाई. हे लेकरं समोर बसले की..."

काकूंच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात ह्या माणसानं स्वतःसाठी काही मागितलेलं त्यांनी तरी ऐकलं होतं की नाही, कोण जाणे. माझे डोळे भरून आले, आणि मला ते कुणी बघितलं असतं तरी चाललं असतं.

"मंग येवढंच बोलायचं की ओ," याडी म्हणाली. "येवढ्यासाठी आमाला दोनदा चालवलं! माझी पोरगी ऱ्हाईल. नापास झाली तर तिचं ती बघंल."

"माझी बी ऱ्हाईल," मागून आवाज आला. "आमची बी." "आमच्या पोराला न्हाई जमायचं बाई, पण गाळणी म्या देणार न्हाई." हशा पिकला. काकू बोटांवर मोजत होत्या, मोजता मोजता वीसच्या पुढं गेल्या आणि पदरात तोंड लपवून मटकन खाली बसल्या. हसत होत्या का रडत होत्या, कळत नव्हतं.

सर मात्र परडी पोटाशी धरून उंबऱ्यातून सांगतच होते, "घाई करू नका. घरी इचार करा. शनिवारपर्यंत येळ हाय, आन दुसरं म्हंजी..."

"आता गप बसता का!" काकू ओरडल्या.

सर गप बसले. हसू मात्र काही केल्या त्यांना लपवता येईना.